सुई किती, रक्त किती?

पावसाळ्याच्या शेवटी आमच्या चौकातल्या पॅथॉलॉजी लॅबपुढे सकाळी सातलाच माणसं उभी असतात. डेंग्यूचा हंगाम. हातात कालचा रिपोर्ट आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "प्लेटलेट किती आल्या?" कुणाच्या दीड लाखावरून ऐंशी हजारांवर उतरलेल्या, कुणाच्या चाळीसवर. पपईच्या पानांचा रस सांगणारे शेजारी सोबत असतातच. याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्वचेचा दवाखाना आहे. तिथे त्याच सकाळी धडधाकट माणसं हातातून रक्त काढून देतात, त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करून घेतात आणि बारीक सुयांनी टोचलेल्या चेहऱ्यावर लावून घेतात. खाली जिच्यासाठी जीव टांगणीला लागलेला, ती चीज वर गालांना.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं आहे. कॉलेजच्या दिवसांत आलेली मुरमं गेली, पण दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेली. परवा तिने फोनवर विचारलं, "मावशी, पीआरपी आणि मायक्रोनीडलिंग करून घेऊ का गं? माझंच रक्त, माझाच चेहरा. नुकसान काय होणार?"

प्रश्न साधा वाटला, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न निघाले. सुईने टोचून त्वचा सुधारते कशी? वर रक्तातला पदार्थ लावल्याने त्यात भर काय पडते? आणि 'माझंच रक्त' एवढ्यावर निर्धास्त व्हावं का?

ताकावरची निवळ

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, प्लेटलेटची गर्दी असलेला रक्तद्रव. प्लेटलेटना शाळेच्या पुस्तकात रक्तपट्टिका म्हणत, पण डेंग्यूने इंग्रजी शब्दच घरोघरी पोहोचवला आहे, तेव्हा तोच वापरू.

ताक भांड्यात तसंच ठेवलं की थोड्या वेळाने दाट भाग खाली बसतो आणि वर पिवळसर निवळ येते. रक्ताचंही असंच होतं. तुमच्या रिपोर्टवर ईएसआर नावाची ओळ असते ना, ती हेच मोजते: उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या. अट एवढीच की रक्त गोठता कामा नये. म्हणून नळीत आधीच सायट्रेट असतं, लिंबातल्या आम्लाच्या कुळातला क्षार. तो रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतो, आणि कॅल्शियम मोकळं नसलं की गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही.

तासन् तास वाट बघायला नको म्हणून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. वॉशिंग मशीनचा ड्रायर कपड्यांतलं पाणी जसं बाहेर फेकतो, तसं हे यंत्र जड पेशी तळाकडे ढकलतं. तांबड्या पेशी सगळ्यांत आधी तळाला जातात. त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा सायीहून पातळ थर बसतो. सगळ्यांत वर गवती रंगाचा रक्तद्रव उरतो आणि हलक्याफुलक्या प्लेटलेट त्यात तरंगत राहतात. हा वरचा भाग वेगळा काढून पुन्हा, या वेळी जास्त जोराने, फिरवला की प्लेटलेटही तळाशी गोळा होतात. मग वरचा रिकामा द्रव बराचसा काढून टाकायचा आणि उरलेल्यात तळाच्या प्लेटलेट हलकेच मिसळायच्या. झाला पीआरपी.

आता थोडा हिशेब. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. अडीच लाख धरल्या तर 20 मिलिलिटर रक्तात 500 कोटी प्लेटलेट झाल्या. आकडा ऐकून छातीत धस्स होईल, पण शरीर रोज सुमारे 10 हजार कोटी नव्या घडवतं. म्हणजे दवाखान्यात दिलेला ऐवज सव्वा तासात भरून निघतो. मायामीचे जबड्याचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी चांगल्या पीआरपीची जी कामचलाऊ व्याख्या केली, ती मायक्रोलिटरला 10 लाख प्लेटलेटची आहे. नेहमीच्या रक्ताच्या साधारण चौपट.

हे दाटपण साधणं वाटतं तितकं सोपं नाही. फिरकी हळू पडली तर प्लेटलेट पुरेशा वेगळ्या होत नाहीत. जास्त झाली तर त्या तांबड्या पेशींच्या सोबतीने तळाला जातात. एका मिनिटाला फेरे किती एवढं सांगूनही भागत नाही. जत्रेतल्या चक्रीत काठावर बसणाऱ्याला जास्त ओढ बसते, तसं यंत्राचा हात लांब की आखूड यावर जोर बदलतो. त्यामुळे दोन दवाखान्यांतला 'पीआरपी' हा एकच पदार्थ असेलच असं नाही. या विषयावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

पीआरपी हा शब्द सौंदर्योपचारवाल्यांनी शोधलेला नाही, हेही इथे सांगायला हवं. तो रक्तपेढीतला जुना शब्द. दात्याच्या पिशवीतून प्लेटलेट वेगळ्या काढताना पहिल्या फिरकीनंतर मिळतो तो पीआरपी. दुसऱ्या फिरकीनंतर जी पिवळसर पिशवी तयार होते, ती 20 ते 24 अंश सेल्सिअसला, सतत हलवत, पाच दिवस ठेवता येते आणि गरज पडल्यास डेंग्यूच्या रुग्णाला चढवतात. म्हणजे खालचा मजला आणि वरचा मजला एकाच विहिरीचं पाणी पितात.

शेवयांचे तुकडे

प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नाही. तिला केंद्रक नसतं. हाडांच्या आतल्या मज्जेत एक भलीमोठी पेशी असते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून शेवयांसारखे लांब धागे आत सोडते आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने त्यांचे तुकडे पडतात. हे तुकडे म्हणजे प्लेटलेट. दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीत पंचवीस-तीस सहज बसतील. आयुष्य आठ ते दहा दिवस.

त्यांचं मुख्य काम 1882 मध्ये इटलीत तुरीनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: रक्तवाहिनी फाटली की हे तुकडे तिथे धावतात, चिकटतात, भोक बुजवतात. जवळजवळ शंभर वर्षं त्यांची ओळख 'बुजवणारे' एवढीच होती. मग 1974 मध्ये सिएटलच्या रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट ताडून पाहिली. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना गोठलेल्या रक्तातून निथळलेला द्रव दिला की त्या भराभर वाढतात. प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या रक्ताचा द्रव दिला तर नुसत्या बसून राहतात. याचा अर्थ पेशींना 'वाढा' असं सांगणारं काहीतरी प्लेटलेटमधून बाहेर येत होतं.

प्रत्येक प्लेटलेटच्या पोटात 50 ते 80 इवल्या थैल्या असतात. त्यांत ही निरोपाची प्रथिनं भरलेली असतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, आपण वाढीचे निरोप म्हणू. एक निरोप पेशींना विभागायला सांगतो, दुसरा नव्या रक्तवाहिन्या काढायला, तिसरा त्वचेचे धागे विणायला. थैल्या एरवी बंद असतात. त्वचेच्या आतल्या कोलॅजेन नावाच्या धाग्याशी प्लेटलेटची गाठ पडली की त्या उघडतात. रक्तवाहिनी शाबूत असताना हा धागा रक्ताला कधी भेटत नाही. भेटला म्हणजे जखम झाली, एवढं प्लेटलेटना कळतं. मग तासाभरात बहुतेक साठा बाहेर पडतो.

मार्क्स यांनी 1998 मध्ये जबड्याच्या हाडाच्या कलमासोबत पीआरपी वापरून निकाल छापले आणि मग तो गुडघ्यांत गेला, टाळूवर गेला, चेहऱ्यावर आला. चेहऱ्यावरच्या उपचाराला 'व्हॅम्पायर फेशियल' हे नाव अमेरिकेतल्या अलाबामाच्या चार्ल्स रनल्स या डॉक्टरांनी दिलं. 2013 मध्ये किम कार्दाशियनने रक्ताळलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला आणि नाव जगभर झालं. नाव मात्र चुकीचं आहे. चेहऱ्यावर लावतात ते ताकाच्या निवळीसारखं पिवळं असतं. फोटोत दिसतं ते तांबडं सुयांच्या छिद्रांतून आलेलं.

गोंदणाची सुई, शाईविना

आता सुईकडे, म्हणजे मायक्रोनीडलिंगकडे वळू. माझ्या मते या जोडीतला खरा कर्ता तीच आहे.

चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर कागदाइतका, सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचा. त्याखाली एक-दोन मिलिमीटरचा जाड थर, अंतस्त्वचा. तिथे कोलॅजेनच्या धाग्यांची चटई विणलेली असते. त्वचेचा ताठपणा या चटईचा. मुरमांनी पडलेले खड्डे म्हणजे चटईलाच पडलेली भोकं. वरून कितीही मलम चोपडलं तरी ते चटईपर्यंत पोहोचत नाही, कारण त्वचेचं कामच बाहेरचं बाहेर ठेवण्याचं आहे.

1997 मध्ये माँट्रियलच्या कामिरां आणि दूसे या दोन डॉक्टरांनी एक नोंद छापली. रंग बिघडलेल्या व्रणांवर त्यांनी त्वचेच्या रंगाची शाई गोंदली होती. काही काळाने शाई गेली, पण व्रण मऊ आणि सपाट झाले होते. मग त्यांनी शाई न घालता नुसतं यंत्र चालवून पाहिलं. तरीही फरक पडला. आपल्याकडे जत्रेत गोंदवून घेतलेल्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. पुढे केप टाउनचे प्लास्टिक सर्जन डेसमंड फर्नांडिस यांनी सुया लावलेला फिरता रूळ बनवला. तोच डर्मारोलर. नेहमीच्या रुळावर 192 सुया असतात. एका जागी तो पंधरा वेळा फिरवला की दर चौरस सेंटिमीटरला अडीचशेच्या आसपास छिद्रं पडतात. आता विजेवरचं पेन जास्त चालतं. रूळ फिरताना सुई तिरकी शिरते आणि तिरकी निघते. पेनची सुई सरळ आतबाहेर करते आणि तिची खोली कमीजास्त करता येते: डोळ्यांखाली कमी, गालावर जास्त.

पण टोचून सुधारणा कशी? पाट्याला टाकी लावतात तशी त्वचा खरवडून तिच्यात काही भरतात, असा बऱ्याच जणांचा समज दिसतो. तसं नाही. पाटा दगडाचा, टाकीची खूण त्यावर महिनोन् महिने राहते. त्वचेची छिद्रं दिवसभरात बुजतात. उपचार दडला आहे तो या बुजण्यात.

सुई अंतस्त्वचेत शिरली की बारीक केशवाहिन्या फुटतात आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. डॉक्टर याच ठिपक्यांची वाट बघत असतात. रक्तातल्या प्लेटलेट कोलॅजेनला चिकटतात, थैल्या उघडतात, निरोप सुटतात. पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी येऊन मोडकळ साफ करतात. त्यांच्यामागून फायब्रोब्लास्ट येतात. हे चटईचे विणकर. ते आधी घाईघाईने कच्चं कोलॅजेन घालतात, इमारतीला बांधलेल्या परांचीसारखं. नंतर कित्येक आठवडे आणि महिने ही परांची उतरवत तिच्या जागी पक्कं कोलॅजेन घातलं जातं.

मोठ्या जखमेतही हेच घडतं आणि तिथे व्रण राहतो. इथे का राहत नाही? कारण प्रत्येक छिद्राच्या चहूबाजूंनी शाबूत त्वचा असते. शेतात भुईमूग टोकतात तेव्हा अख्खं रान नांगरत नाहीत, वीतभर अंतराने पहारीने भोक पाडतात. बाकी जमीन जागच्या जागी राहते आणि भोक दोन्ही काठांनी मिटतं. त्वचेचं तसंच. वरचा थर सोलला जात नाही. लेझरसारखी उष्णताही नाही. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला हा मोठा फायदा, कारण आपली त्वचा भाजली किंवा सोलली की रुसून काळे डाग धरते. सुईने तो धोका कमी होतो, संपत मात्र नाही. टोचल्यानंतर उन्हात हिंडलं तर डाग पडतातच.

घरी वापरायचे, ऑनलाइन मिळणारे रूळ 0.2-0.3 मिलिमीटर सुयांचे असतात. ते विणकरांच्या वस्तीत पुरेसे खोल शिरत नाहीत. कोलॅजेन घडणार नाही, न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलेल्या सुयांवरचे जंतू मात्र आत जातील.

गादीचे टाके

सगळे खड्डे सारखे नसतात, आणि निराशा बहुधा इथेच पदरी पडते. गादीला टाके घातलेल्या जागी कापड आत ओढलेलं असतं, तसे काही खड्डे खालच्या ताठ धाग्यांनी आत खेचलेले असतात. कापूस कितीही पिंजला तरी टाका कापल्याशिवाय ती जागा वर येत नाही. अशा ठिकाणी डॉक्टर आधी त्वचेखालून सुईने तो धागा तोडतात. बर्फ फोडायच्या टोच्याने मारल्यासारखी अरुंद, खोल भोकंही असतात. त्यांच्यापुढे मायक्रोनीडलिंग फार काही करू शकत नाही, त्यांना जागेवर तीव्र आम्लाचा ठिपका देण्यासारखे वेगळे उपाय लागतात. उथळ, पसरट खड्डे सगळ्यांत चांगला प्रतिसाद देतात. गाल उजेडात तिरका धरून आपले खड्डे कोणत्या जातीचे हे न पाहता थेट 'पॅकेज' सांगणारा दवाखाना मला संशयास्पद वाटतो.

मग रक्ताचा वाटा किती?

सुईच्या छिद्रात रक्त येतं, त्यात प्लेटलेट असतात आणि त्या आपलं काम करतात. मग वरून आणखी प्लेटलेट कशाला? कल्पना अशी, की टोकलेल्या प्रत्येक भोकात बी आहेच, वर चिमूटभर खत घातलं तर पीक जोमाने येईल. छिद्रं फार काळ उघडी राहत नाहीत, म्हणून टोचता टोचताच पीआरपी पसरवतात. आत कोलॅजेन भेटलं की प्लेटलेट स्वतःच उघडतात.

कल्पना पटण्याजोगी आहे. पण पटण्याजोगं आणि खरं यांत अंतर असतं, म्हणून अर्ध्या चेहऱ्याचे प्रयोग करतात. एका गालावर सुई आणि पीआरपी, दुसऱ्यावर सुई आणि दुसरं काही. माणूस तोच, त्वचा तीच, खाणंपिणं तेच. 2016 मध्ये छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात 50 जणांच्या एका गालावर सुईबरोबर पीआरपी दिला आणि दुसऱ्यावर सुईबरोबर शुद्ध पाणी. पीआरपीच्या बाजूचे खड्डे सुमारे 62 टक्क्यांनी सुधारले, पाण्याच्या बाजूचे सुमारे 46 टक्क्यांनी. जाहिरातीत पहिला आकडा येईल. माझी नजर दुसऱ्यावर खिळली. नुसत्या सुईने आणि पाण्याने 46! रक्ताने भर घातली खरी, पण कामाचा मोठा हिस्सा आधीच होऊन गेला होता.

सुरकुत्या आणि उन्हाने जून झालेल्या त्वचेबद्दल चित्र आणखी धूसर आहे. 2018 मध्ये अमेरिकेत 27 जणांच्या एका गालात पीआरपी आणि दुसऱ्यात मिठाचं निर्जंतुक पाणी इंजेक्शनने दिलं. सहा महिन्यांनी त्या माणसांनी स्वतः सांगितलं की पीआरपीच्या बाजूची त्वचा जास्त तुकतुकीत वाटते, सुरकुत्या कमी वाटतात. कोणता गाल कुठला हे माहीत नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना मात्र दोन गालांत ठळक फरक दिसला नाही. आरशासमोर रोज उभं राहणाऱ्याला जे जाणवतं ते तज्ज्ञाच्या नजरेतून निसटू शकतं, हे मी मान्य करते. पण मांडवात भेटणारे पाहुणे तज्ज्ञांहून बारकाईने बघणार आहेत का?

तेव्हा माझा कौल असा. मुरमांच्या उथळ खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग हा भरवशाचा उपाय आहे. पीआरपी ही त्यावरची मध्यम आकाराची भर. खर्च झेपत असेल तर घ्यावी, नसेल तर नुसत्या सुईवर थांबण्यात कमीपणा नाही. सुरकुत्यांसाठी पैसे टाकण्याआधी रोजचं सनस्क्रीन लावून बघावं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 2018 मध्ये मायक्रोनीडलिंगच्या पेनाला पहिली परवानगी दिली, तीही मुरमांच्या व्रणांसाठी.

पीआरपीच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठणकावून सांगण्यासारखी आहे. टोचलेल्या त्वचेवर काही ना काही लावायचा मोह होतो, आणि काही पार्लरमध्ये बाटलीतलं व्हिटॅमिन सीचं सीरम चोळतात. सीरम वरच्या थरासाठी बनवलेलं असतं. सुईने ते आत ढकललं की शरीर त्याला परका समजून गाठी धरू शकतं. अशा गाठी आलेल्या तीन स्त्रियांची नोंद 2014 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. त्या मानाने आपलाच रक्तद्रव शरीराला ओळखीचा.

'माझंच रक्त'

इथे भाचीच्या तिसऱ्या प्रश्नाशी पोहोचलो. रक्त माझंच आहे, हे वाक्य नळीत रक्त पडेपर्यंत शंभर टक्के खरं. त्यानंतर ते नळीवरच्या चिठ्ठीइतकंच खरं.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहरात एक विनापरवाना स्पा होता. 2018 च्या उन्हाळ्यात, एरवी कसलाही धोका नसलेल्या एका महिलेला एचआयव्ही निघाला. तिने त्या वर्षी तिथे मायक्रोनीडलिंगसह व्हॅम्पायर फेशियल केलं होतं. तपासनीस गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर रक्ताच्या नळ्या होत्या, चिठ्ठी नसलेल्या. फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी इंजेक्शनच्या बाटल्या. खणांत उघड्या सिरिंज. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल 2024 मध्ये अहवाल दिला, त्यात अशा तीन महिलांना बहुधा तिथूनच लागण झाल्याचं म्हटलं आहे. सौंदर्योपचाराच्या सुईतून एचआयव्ही पसरल्याची ही पहिली नोंद.

यात पीआरपीचा काही दोष नाही. दोष परत वापरलेल्या वस्तूंचा आणि बिननावाच्या नळ्यांचा. पण 'फेशियल' हा शब्दच घातक आहे असं मला वाटू लागलं आहे. फेशियल म्हटलं की डोळ्यांपुढे काकडीच्या चकत्या येतात. प्रत्यक्षात ही रक्त काढण्याची, रक्त हाताळण्याची आणि हजारो जखमा करण्याची क्रिया आहे. तिला शस्त्रक्रियेच्या खोलीचे नियम लागतात.

चौकट : खुर्चीवर बसण्याआधी

उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, हे सरळ विचारावं. रक्त काढल्याबरोबर, तुमच्या डोळ्यांसमोर, नळीवर तुमचं नाव लिहिलं गेलं पाहिजे. सुयांचं टोपण तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघालं पाहिजे आणि काम झाल्यावर टाकून दिलं गेलं पाहिजे. सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो का, हे बघायला लाजू नये. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हेच रंग ठरवून दिले आहेत.

चेहऱ्यावर पिकलेली मुरमं किंवा नागीण असेल, व्रणांच्या जागी जाड गाठी येण्याची प्रवृत्ती असेल, गरोदरपण असेल, रक्त पातळ करणारी किंवा मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, तर ते आधी सांगावं. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय जाऊच नये.

भाचीला काय सांगितलं

प्रत्यक्ष दिवस साधारण असा जातो. सुन्न करणारं मलम लावून पाऊण ते एक तास बसायचं. तेवढ्यात रक्त काढून फिरवून होतं. टोचणं अर्ध्या तासाचं काम. घरी जाताना चेहरा उन्हात दिवसभर हुरडा भाजून आल्यासारखा लाल. लाली एक ते तीन दिवसांत उतरते, थोडे पापुद्रे सुटतात. पहिले चोवीस तास मेकअप बंद, वाफ बंद, पुढचे कित्येक दिवस उन्हापासून जपणं. असे तीन-चार फेरे, दोन फेऱ्यांत चार ते सहा आठवडे. खर्च एका फेरीला काही हजारांत जातो आणि शहर, दवाखाना, यंत्र बदलेल तसा बदलतो.

लग्नाला सात आठवडे आहेत. घाईघाईत दोन फेरे बसतील, असं तिला एका ठिकाणी सांगण्यात आलं होतं. विणकरांना हे गणित मान्य नाही. कच्च्या कोलॅजेनचं पक्कं व्हायला तीन ते सहा महिने लागतात, आणि हळदीच्या दिवशी गालावर परांचीच असेल. उलट, त्या धावपळीत उन्हात फिरून नवे डाग पडले तर ते फोटोंत कायमचे बसतील.

म्हणून तिला म्हटलं, आत्ता सनस्क्रीन लाव, झोप पुरेशी घे. खड्ड्यांचं बघायचं असेल तर लग्नानंतर, ऊन उतरल्यावर, चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि पहिले दोन फेरे नुसत्या सुईचे करून बघ. तिने आधी तोंड वाकडं केलं. मग विचारलं, "आणि रक्त?" मी म्हटलं, तुझ्या प्रत्येक छिद्रात ते आपोआप येणारच आहे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.